सकाळी बोट लागते, संध्याकाळी सुटते, मधल्या वेळात पडके अवशेष बघायची ही पद्धत आली कुठनं

पावसाळा सरला की मुरगाव बंदरात मोठ्या क्रूझ बोटी यायला लागतात आणि आमच्या बेळगाव-खानापूर भागातून गोव्याला भाजी, दूध घेऊन जाणारे गाडीवाले वर येताना तिकडच्या बातम्या आणतात, की आज बोट लागलीय, ओल्ड गोव्यात पार्किंगला जागा नाही. एकेका बोटीतून हजार-दोन हजार माणसं उतरतात, काचेवर नंबर चिकटवलेल्या बसमध्ये बसतात, ओल्ड गोवा, मंगेशी, एखादी मसाल्याची बाग एवढं बघतात आणि दिवस मावळायच्या आत परत बोटीवर. या फेरीला बोटीवरची माणसं शोअर एक्स्कर्शन म्हणतात, आणि मला यात इंटरेस्ट आहे तो एवढ्यासाठी की जगातले कुठले जुने अवशेष सगळ्यांच्या तोंडी आले आणि कुठले कोपऱ्यात राहिले हे पुष्कळ वेळा दगडांच्या मोठेपणावर नाही तर बंदरापासून ते किती तासांवर आहेत त्याच्यावर ठरलंय. आमच्या खानापूर तालुक्यातल्या हलशीचं, तिथल्या जुन्या कदंबकालीन देवळांचं नाव परदेशी माणसाला माहीत नाही याचं मोठं कारण मला तरी तेच वाटतं. त्यामुळं हे सगळं सुरू कसं झालं ते जरा मागं जाऊन बघूया.

सुरुवात रेल्वेपासून धरायला पाहिजे. 1839 मध्ये इटलीतली पहिली रेल्वे नेपल्सजवळ सुरू झाली, पुढच्या काही वर्षांत ती पोम्पेईच्या बाजूनं पुढं गेली, म्हणजे नेपल्स बंदरात उतरलेल्या माणसाला 79 साली राखेत गाडलं गेलेलं आख्खं शहर बघून त्याच दिवशी परत येता यायला लागलं. तुर्कस्तानात स्मिर्ना म्हणजे आताच्या इझमिर बंदरातून आत आयदिनपर्यंत एका इंग्रज कंपनीनं रेल्वे टाकली, ती अंजीर, कापूस असला माल बंदरावर आणायला, पण लाइन गेली इफिससच्या अवशेषांजवळून. या रेल्वेच्या कामावर जॉन टर्टल वूड नावाचा इंजिनियर होता, त्याला तिथल्या आर्टेमिस या ग्रीक देवीच्या देवळानं एवढं झपाटलं की 1863 पासून तो ते शोधत बसला आणि 1869 च्या शेवटच्या दिवशी, जवळजवळ 20 फूट गाळाखाली, त्याला ते सापडलं. जुन्या जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, आणि ते शोधलं कुणी तर रेल्वेच्या माणसानं. ग्रीसमध्ये काताकोलो बंदर ते पिर्गोस रेल्वे 1883 ला झाली ती मनुके परदेशी पाठवायला, 1891 ला ती जुने ऑलिंपिक खेळ व्हायचे त्या ऑलिंपियापर्यंत वाढवली आणि आज काताकोलोला एवढ्या बोटी लागतात त्या ऑलिंपिया जवळ आहे म्हणूनच.

आपल्याकडं पण हेच झालं की. मुरगाव बंदर आणि तिथनं कॅसलरॉकपर्यंत येणारी पोर्तुगीज हद्दीतली रेल्वे 1880 च्या दशकात बांधली, कॅसलरॉकला ती सदर्न मराठा रेल्वेला जोडली आणि लोंढा जंक्शनमुळं बेळगाव, धारवाड, हुबळी सगळं बंदराला लागलं. उद्देश माल न्यायचा. फक्त आपल्याकडं त्या लाइनवरून बोटीतला पाहुणा वर अवशेष बघायला आला नाही, का आला नाही ते पुढं येईलच.

आता बोटीकडं. 1867 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कहून क्वेकर सिटी नावाची चाकांची आगबोट निघाली. नेहमीसारखी माणसं इकडून तिकडं पोचवायला नाही, तर युरोप, इजिप्त आणि पॅलेस्टाइन दाखवून परत आणायला, म्हणजे बोट हेच हॉटेल आणि प्रत्येक बंदरात उतरून फिरायचं, आजच्या क्रूझचा सगळा आराखडा तिच्यात दिसतो. पायरियसला म्हणजे अथेन्सच्या बंदरात यांना साथीच्या भीतीनं क्वारंटाइन लावलं, उतरायला बंदी, समोर ॲक्रोपोलिस म्हणजे जुन्या देवळांची टेकडी दिसतेय आणि जाता येत नाही, तर चार जण रात्री गुपचूप किनाऱ्याला लागले, चालत वर चढले आणि चांदण्यात तिथलं पार्थेनॉनचं देऊळ बघून पहाटेपर्यंत परत आले. पुढं स्मिर्नाहून हीच मंडळी त्या अंजिराच्या रेल्वेनं इफिससला गेली. त्या काळातले प्रवासी अवशेषांचे तुकडे फोडून खिशात घालायचे, छिन्नी-हातोडी घेऊन फिरायचे, हे वाचताना अजून राग येतो मला.

1869 ला सुएझ कालवा उघडला आणि त्याच वर्षी थॉमस कूक या इंग्रज सहलवाल्यानं आपले पहिले प्रवासी नाईल नदीवर नेले. कूकचं खरं काम म्हणजे सगळं आधी ठरवून ठेवणं, गाढव, गाइड, जेवण, तिकीट सगळं एका पैशात. या हिशोबाला बोटीचं घड्याळ जोडलं ते हाम्बुर्ग-अमेरिका लाइन या जर्मन बोट कंपनीच्या आल्बर्ट बालिननं. त्याची अडचण साधी होती, हिवाळ्यात अटलांटिकवर प्रवासी कमी आणि एवढी मोठी बोट रिकामी उभी, खर्च मात्र चालूच. म्हणून 22 जानेवारी 1891 ला त्यानं ऑगस्टा व्हिक्टोरिया ही बोट 241 प्रवासी घेऊन भूमध्य समुद्रात फिरायला पाठवली, जवळजवळ दोन महिने. कंपनीतल्या लोकांना हे खूळ वाटलं होतं म्हणतात पण ते चाललं, आणि किनाऱ्यावरच्या सहली हा त्याचा मोठा भाग होता. 1900 मध्ये त्यानं प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझे ही फक्त क्रूझसाठी म्हणून बांधलेली पहिली बोट पाण्यात उतरवली, ती 1906 ला जमैकाजवळ खडकावर चढून संपली पण धंदा राहिला. मुंबईत बघितलंत तर घारापुरीची लेणी या कामाला आधीपासूनच सोयीची होती, बंदरासमोरच बेट, 1875 च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्सला तर त्या लेण्यातच मेजवानी दिली होती. शंकराच्या एवढ्या मोठ्या मूर्तींसमोर टेबलं मांडून जेवण, बघा.

मला या सगळ्यात सगळ्यात आवडणारा भाग 1954 चा आहे. लंडनच्या स्वान नावाच्या बापलेकांच्या ट्रॅव्हल कंपनीनं ग्रीसची क्रूझ काढली, तिचं पुढं स्वान हेलेनिक झालं, आणि त्यांची खासियत अशी की बोटीवर प्राध्यापक न्यायचे. उतरायच्या आदल्या संध्याकाळी लेक्चर, दुसऱ्या दिवशी त्याच माणसाबरोबर अवशेषात फिरायचं. त्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे सर मॉर्टिमर व्हीलर. हा माणूस आपल्याला नवीन नाही, 1944 ते 1948 भारतीय पुरातत्त्व खात्याचा डायरेक्टर जनरल होता, 1945 ला पुद्दुचेरीजवळच्या अरिकामेडूला त्यानं रोमन व्यापाराचे पुरावे काढले, 1947 ला आपल्याच कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यात ब्रह्मगिरीला उत्खनन केलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया तरुणपणी इंग्लंडमध्ये व्हीलरच्याच हाताखाली खोदकाम शिकले, आणि त्यांनी मो. गं. दीक्षितांबरोबर कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन केलं. त्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, कांस्याची छोटी मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. बेळगावातून दोन-अडीच तासांवर. म्हणजे ज्या भूमध्य समुद्रात व्हीलर पुढं बोटीवरच्या लोकांना अवशेष दाखवत फिरला तिकडचा माल दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रातून येऊन घाट चढून आपल्या दारापर्यंत आला होता, आणि बेळगावच्या वडगाव-माधवपुरात पण सातवाहन काळातली वस्ती उत्खननात सापडलीय, त्यावर आज लोकांची घरं आहेत, रोज आपण तिथनं जातो येतो.

तर 1958 ला अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली आणि प्रवासी बोटींचा जुना धंदा बसला. त्या बोटी क्रूझकडं वळल्या आणि मग मास टुरिझम. मेक्सिकोत तर उलटं झालं, कोस्टा माया हे बंदर 2001 च्या सुमाराला मुख्यतः क्रूझसाठीच बांधलं आणि जवळचे चाकचोबेनचे माया अवशेष त्यानंतर लोकांना दाखवायला लागले. आधी धक्का, मग अवशेष.

आतलं काम कसं चालतं ते आमच्या नात्यातला एक पोरगा काही वर्षं बोटीवर होता त्यानं सांगितलेलं. सकाळी सगळ्यांना बोटीतल्या थिएटरमध्ये गोळा करायचं, प्रत्येकाच्या छातीवर बसचा नंबर लिहिलेलं गोल स्टिकर, नंबर पुकारला की ओळीनं खाली, उतरताना कार्ड स्कॅन म्हणजे बोटीला कळतं कोण बाहेर आहे. खाली गाइड तोच नंबर लिहिलेली पाटी काठीला लावून उभा, कानात छोटा हेडफोन म्हणजे त्याला ओरडायला लागत नाही. मग बस, अवशेषात तास-दीड तास, वाटेत एखाद्या दुकानात थांबा, तिथं टॉयलेट पण असतं आणि कमिशन पण, जेवण, परत. आणि सगळ्यात मोठा नियम, बोट सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी सगळे वर. कंपनीच्याच टूरची बस अडकली तर बोट सहसा थांबते, तुम्ही स्वतः टॅक्सी करून गेलात आणि उशीर झाला तर बोट गेली, पुढच्या बंदरावर आपल्या खर्चानं गाठा. लोक दुप्पट पैसे देऊन कंपनीची टूर घेतात ते या भीतीनं. त्यामुळं गाइडच्या डोक्यात इतिहासाच्या आधी परतीची वेळ असते, आणि अडीच-तीन तासांच्या पलीकडचं ठिकाण सहसा यादीतच येत नाही. लांबच्या टूरा नाहीत असं नाही, लाल समुद्रातल्या सफागाहून वाळवंट ओलांडून इजिप्तच्या जुन्या देवळांचं लक्सर करतातच की, पण तिथं नावच एवढं मोठं आहे की माणूस आख्खा दिवस त्यात घालवायला तयार होतो.

या पद्धतीला मोठे धक्के पण बसलेत. 7 ऑक्टोबर 1985 ला आखिले लाउरो बोट इजिप्तजवळ अपहरण झाली तेव्हा बहुतेक प्रवासी अलेक्झांड्रियाला उतरून पिरॅमिड बघायला गेले होते आणि पोर्ट सईदला परत चढणार होते, म्हणून बोटीवर शंभराच्या आसपासच प्रवासी होते. 17 नोव्हेंबर 1997 ला लक्सरला हात्शेपसुतच्या देवळासमोर 62 माणसं मारली. 2015 च्या मार्चमध्ये ट्युनिशियात ट्युनिसच्या बार्डो म्युझियमवर हल्ला झाला, मेलेल्यात बरेच जण त्या दिवशी लागलेल्या क्रूझ बोटींवरून आलेले, आणि लगेच मोठ्या कंपन्यांनी ट्युनिस बंदर यादीतून काढून टाकलं. एका शहराच्या हजारो लोकांचं पोट त्या एका ओळीवर होतं.

आता उलटी अडचण गर्दीची. तीन-चार बोटी एकदम लागल्या की सकाळी दहाला सगळे एकाच दारात. अथेन्सनं ॲक्रोपोलिसवर सप्टेंबर 2023 पासून दिवसाला 20,000 लोकांची मर्यादा आणि वेळेचे स्लॉट लावले, पोम्पेईनं नोव्हेंबर 2024 ला तेवढीच मर्यादा घातली. बरं झालं असंच मी म्हणेन, दगड पण झिजतो.

आणि आता घरचं. कर्नाटकात क्रूझ मंगळूरला लागते, तिथनं मूडबिद्रीची हजार खांबी बसदी म्हणजे जैन देऊळ, कारकळचा गोमटेश्वर एका दिवसात होतं. गोव्यात ओल्ड गोवा, 1986 पासून जागतिक वारशात, त्यातला सेंट ऑगस्टिनचा अर्धा उरलेला मनोरा आमच्याकडच्या माणसानं जवळ जाऊन बघावा, जांभ्या चिऱ्याचे थर उघडे पडलेत, आपल्या जुन्या घरांच्या भिंतीत असतो तोच दगड, चिऱ्यावरची भोकं आणि त्यातलं शेवाळ पण तेच. 1835 ला मठ बंद झाले, 1931 ला मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला. याच अवशेषात जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी पुरातत्त्व खात्याला मिळाल्या आणि 2021 मध्ये भारतानं त्या जॉर्जियाला दिल्या.

पण मुरगाव बंदर ज्या झुआरी नदीच्या मुखाशी आहे त्याच नदीच्या काठावर, गोवा वेल्ह्याला, कदंब राजघराण्याचं गोपकपट्टण बंदर होतं. 11 व्या शतकात कदंबांनी राजधानी तिथं नेली, आणि गोव्याचे कदंब खाली कोकण आणि वर पलाशिका म्हणजे आपली हलशी दोन्हीकडं राज्य करत होते, हलशीच्या प्रांताला हलसिगे बारा हजार म्हणायचे. बंदर आणि घाटमाथा एकाच राज्यात, माल खालून वर, वरून खाली. खाली अनमोड घाटाच्या पायथ्याला तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ त्याच वाटेवरचं. हलशीच्या भूवराह नरसिंह देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकात भूवराह उभा, मधल्या मंडपात उभं राहिलं की मान वळवली तर इकडचा देव, मान वळवली तर तिकडचा, असं देऊळ मी तरी दुसरं बघितलं नाही. एकदा तिथं एका बारक्या पोरीनं आपल्या मामाला विचारलं, "मामा, दोघं एकमेकाला बघूलालेत काय ओ?" तर मामा म्हणाले, "व्हय, कवापासनं."

मग क्रूझवाला वर का येत नाही. हिशोब करून बघा, बोट सातला लागली, उतरून बस हलायला साडेआठ, फोंडा, मोले, अनमोड घाट, रामनगर, लोंढा करत हलशीला पोचायला तीन-साडेतीन तास, म्हणजे साडेअकरा-बारा वाजले, तासभर बघून निघालं तरी बंदरावर साडेतीन-साडेचार, घाटात एक ट्रक आडवा झाला की संपलं. तांबडी सुर्ला मात्र आरामात बसतं. हलशी बसायची तर बोट रात्रभर थांबायला पाहिजे, तशा थांबतात काही बोटी काही बंदरांना, मग आदली रात्र बेळगावात आणि वाटेत देगावचं कमल नारायण देऊळ पण होईल. त्यासाठी आधी नंदगडपासून चांगला रस्ता, देवळाजवळ स्वच्छ टॉयलेट, आणि मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत कदंबांचा इतिहास नीट सांगणारी गावातलीच चार पोरं तयार पाहिजेत, ती तयार करायला बोट यायची वाट बघायचं कारण नाही, कारण शनिवार-रविवारी आपलीच माणसं जातात तिथं आणि काही न कळता परत येतात. बेळगावातून सकाळी निघालात तर खानापूर, नंदगड करत हलशी बघून उशिराच्या जेवणाला घरी, आणि त्याच संध्याकाळी बेळगावच्या किल्ल्यातली 1204 ची कमल बस्ती, म्हणजे जैन देऊळ.