दुर्मिळ विकारांतील विदा-उत्खनन

रुग्णनोंदी, जनुकीय अहवाल व वैद्यकीय वाङ्मय संगणकाने चाळून एखाद्या दुर्मिळ विकाराची खास लक्षणे हुडकण्याची पद्धती (डेटा मायनिंग). ‘दुर्मिळ’ची मर्यादा युरोपीय संघात १०,००० मागे ५ रुग्ण अशी आहे, भारताच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात संख्येवर आधारित व्याख्या नाही.

उगम दोन ठिकाणी दाखवता येतो. व्हिक्टर मॅक्युसिक यांची आनुवंशिक विकारांची सूची १९६६ मध्ये निघाली. पण सूची ही सामग्री झाली, उत्खनन नव्हे. शिकागोचे डॉन स्वॉन्सन यांनी १९८६ मध्ये परस्परांची दखल न घेणारे शोधनिबंध जोडून माशाचे तेल व रेनो विकार (थंडीत बोटांचा रक्तप्रवाह आटणे) यांचा संबंध सुचवला. रेनो विकार तसा दुर्मिळ नाही आणि प्रश्नही उपचाराचा होता. तरी आरंभ तेथे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

राकेश अगरवाल व सहकाऱ्यांनी १९९३-९४ मध्ये मांडलेल्या सहसंबंध-नियमांत (कोणत्या गोष्टी एकत्र आढळतात हे सांगणारे नियम) किमान आधाराची, म्हणजे ती जोडी नोंदींच्या ठरावीक टक्क्यांत तरी दिसण्याची, अट असते. दुकानाच्या बिलांना ती चालते, येथे नाही. एक टक्क्याची अट लावली तर १ लाख नोंदींत लक्षणांची जोडी १,००० वेळा दिसायला हवी. सुमारे ५,००० जणांत एकाला होणाऱ्या मार्फान या संयोजी ऊतींच्या आनुवंशिक विकाराचे तेवढ्यांत जेमतेम २० रुग्ण. म्हणून लक्षण जितके विरळ, तितका त्याला भार अधिक देतात. २००८ पासूनच्या ह्यूमन फेनोटाइप ऑन्टॉलॉजीने त्यासाठी समान परिभाषा पुरवली. मार्फानचीच दोन लक्षणे घेतली, तर उंच अंगकाठी कोठेही आढळते, डोळ्यातील भिंग सरकणे क्वचित. तेही मार्फानमध्ये बहुधा वर सरकते, होमोसिस्टिन्युरिया या चयापचयाच्या आनुवंशिक विकारात खाली. केसपेपरवर नुसतेच ‘भिंग सरकले’ असेल, तर दिशेचा हा धागा कोणत्याही गणिताने परत मिळत नाही.

ठाणे शहरात (२०११ ची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख) वरील प्रमाणाने मार्फानचे साडेतीनशेवर रुग्ण असावेत. कळव्याचे महापालिका रुग्णालय, खासगी दवाखाने आणि दुर्मिळ रोगांचे केंद्र असलेले परळचे केईएम यांत त्यांचे कागद विखुरलेले असण्याचीच शक्यता जास्त.

नवी मुंबईत खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१६ मध्ये टीएमसी-एसएनपीडीबी हा भारतीय जनुकभेदांचा संग्रह प्रसिद्ध केला. हेतू कर्करोग-संशोधनाचा, परंतु पाश्चात्त्य संग्रहांत नसलेला भेद येथे वारंवार आढळला, तर दुर्मिळ विकाराचे कारण म्हणून त्याच्यावरचा संशय कमी होतो. मात्र संग्रह कर्करुग्णांच्या अर्बुदरहित (कर्काची गाठ नसलेल्या) अशा ६२ नमुन्यांवर उभा असल्याने, त्यात एखादा भेद न सापडणे हा पुरावा धरू नये.