हेडफोनची वायर आखूड करून नवी पिन बसवताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तीन मीटरची वायर टीव्हीसमोर मागे रेलून ऐकायला सोयीची असते. तोच हेडफोन खिशातल्या फोनला लावला की वायर पायात येते, खुर्चीच्या चाकाखाली सापडते आणि शेवटी पिनेच्या मानेशी तुटते. आमच्याकडे येणारे बरेचसे हेडफोन असेच आलेले असतात : स्पीकर ठणठणीत, कानावरच्या गाद्या चांगल्या, फक्त पिन हलवली की एक कान बंद. वायर आखूड करणे आणि पिन बदलणे ही दोन्ही कामे मग एकाच वेळी करता येतात, कारण कापायचे असते ते पिनेकडूनच. वायर मधूनच कापून जोडली तर मध्ये गाठीसारखा फुगवटा राहतो आणि सांधेही दुप्पट होतात, म्हणून ते आम्ही करत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. वायर आखूड केल्याने आवाज सुधारत नाही. २८ गेज जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मीटरमागे साधारण ०.२ ओहम असतो. ३ मीटरची वायर १.२ मीटर केली, तर जाण्यायेण्याची मिळून ३.६ मीटर तार कमी होते, म्हणजे जेमतेम पाऊण ओहम. ३२ ओहमच्या हेडफोनला तेवढ्याने पडणारा फरक कानाला कळत नाही. सोय आणि टिकाऊपणा हवा असेल तर हे काम जरूर करून घ्या. आवाजासाठी करत असाल तर नका करू.

माप तुमचे तुम्ही घ्या

हे आम्ही मुद्दाम तुमच्यावर सोपवतो. हेडफोन डोक्याला लावा, फोन नेहमीच्या खिशात ठेवा किंवा नेहमीच्या यंत्राला पिन लावा, आणि नेहमी बसता तसे बसा. मग मान दोन्हीकडे पूर्ण वळवा, खाली वाका, उभे राहा. एवढे करूनही वायर ताणली जात नाही अशा जागी रंगीत चिकटपट्टी गुंडाळा. त्यापुढे आम्ही १५ सेंटिमीटर जास्त ठेवतो. त्यातली थोडी सोलण्यात जाते. बाकीची पुढे कधी पिन पुन्हा बदलावी लागली तर उपयोगी पडते. वायर एकदा कापली की लांब होत नाही, म्हणून शंका असेल तर हातभर जास्तच ठेवा. घरी वायर कापून मग आणू नका. कपाच्या, म्हणजे कानावर बसणाऱ्या भागाच्या, अगदी जवळून कापलेली वायर आमच्याकडे आली आहे. तिथे सोलायलाही जागा उरत नाही, आणि मग कप उघडून आतूनच नवी वायर घालावी लागते.

वायरवर माइक किंवा बटणांचा डबा असेल, तर कापता येते ती फक्त डबा आणि पिन यांच्यामधली वायर. डब्याच्या वरचा भाग आखूड करायचा म्हणजे डबा उघडणे आले, आणि त्यातले बरेचसे डबे चिकटवून बंद केलेले असतात.

आत काय असते

साध्या घरगुती वायरीचे रबर सोलले की तांबे दिसते. हेडफोनची वायर सोलली की रंगीत रेशमासारखे धागे दिसतात : एक लाल, एक हिरवा किंवा निळा, आणि एक किंवा दोन तांबूस. हा रंग नुसता ओळखीसाठी नसतो. केसाएवढ्या बारीक प्रत्येक तारेवर रंगीत रोगणाचा पातळ थर असतो आणि तोच तिचे विद्युतरोधक आवरण असतो. त्याच्या जोरावर या तारा रबराच्या आत एकमेकींना खेटून राहतात. तारांच्या मधून बहुधा पांढरा नायलॉनचा दोराही गेलेला असतो. तो ताण सोसण्यासाठी असतो. त्यातून वीज जात नाही.

घरी केलेली बहुतेक कामे फसतात ती इथेच. वरून सोल्डर (तारा जोडायचा वितळणारा धातू) लावले की थेंब रोगणावर बसल्यासारखा दिसतो, पण आत तांब्याला तो चिकटलेला नसतो. सांधा चकचकीत, आवाज मात्र नाही, किंवा दोन दिवस आवाज आणि मग खरखर. काहीजण काडेपेटीने रोगण जाळतात. रोगण जाते खरे, पण त्याबरोबर तांबेही काळे पडते, तार ठिसूळ होते आणि पहिल्या वळणाला तुटते.

आम्ही नायलॉनचा दोरा आधी कापून टाकतो, नाहीतर तो वितळून सांध्यात शिरतो. मग सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर, साधारण ३८० ते ४०० अंश सेल्सियसला, ताज्या सोल्डरचा टपोरा थेंब घेतो आणि राळेत बुडवलेले तारेचे टोक त्या थेंबात धरतो. पहिले दोनतीन सेकंद काहीच होत नाही. मग बारीक धूर निघतो, लाल रंग आक्रसल्यासारखा मागे सरकतो आणि त्याच्या मागोमाग चंदेरी रंग तारेवर चढतो. पाचसहा मिलिमीटर चढला की तार बाहेर काढायची. नीट चढला असेल तर सगळे केस एकत्र येऊन एकच गुळगुळीत चंदेरी काडी होते. मध्येच लाल ठिपका दिसला तर पुन्हा थेंबात. काही रोगणे उष्णतेला दाद देत नाहीत. ती बारीक पॉलिश पेपरच्या घडीत धरून हलक्या हाताने घासावी लागतात. हा धूर श्वासात जाऊ नये म्हणून काम खिडकीशी, पंखा लावून करतो. घरी करणाऱ्यांनीही हे पाळावे.

पिनेवर कोणती तार कुठे

नेहमीची पिन ३.५ मिलिमीटरची, तीन भागांची. टोक डाव्या कानाचे, मधले कडे उजव्या कानाचे, आणि मुळाशी असलेली लांब नळी दोघांची सामाईक, म्हणजे ग्राउंड. जाड पिन ६.३५ मिलिमीटरची. टेलिफोन एक्स्चेंजमधले ऑपरेटर जोडण्या करायला वापरत तीच ही, आणि तिच्यावरही क्रम हाच. लाल तार सहसा उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्या कानाची, तांबूस ग्राउंडची. ‘सहसा’ असे म्हणतो, कारण सगळे उत्पादक हा रिवाज पाळत नाहीत. म्हणून रंगावर विसंबून न राहता प्रत्येक तार आम्ही मीटरने, म्हणजे रोध मोजणाऱ्या मल्टिमीटरने, ओळखून घेतो. तांबूस तारा दोन असतील, तर प्रत्येक कानाची ग्राउंड वेगळी आलेली असते. साध्या पिनेवर त्या दोन्ही एकत्र पिळून मुळाला लावतात.

माइकवाल्या पिनेला चार भाग असतात. हल्लीच्या फोनांमध्ये टोकापासून मोजले तर तिसरा भाग, म्हणजे दुसरे कडे, ग्राउंड आणि मूळ माइक असते. काही जुन्या फोनांमध्ये हे दोन उलटे असत. उलटे लागले तर आवाज पोकळ येतो, गाणाऱ्याचा गळा मागे कुठेतरी हरवतो, आणि माइकचे बटण दाबून धरले की सगळे पूर्ववत होते. म्हणून हेडफोन कोणत्या फोनला लावता ते आम्हाला सांगा. शक्य असेल तर तो फोन बरोबर आणा.

खरा जीव असतो पकडीत

पिन तुटायचे कारण बहुतेक वेळा सांधा कच्चा असणे हे नसते. वायरीला बसणारा हिसका सरळ सांध्यापर्यंत पोचतो, म्हणून ती तुटते. हिसका वरच्या रबराने सोसायचा असतो. आतल्या तारा पिनेच्या आत थोड्या सैल, किंचित बाक देऊन ठेवायच्या असतात.

सुरुवातीच्या काळात आमच्याकडून एक चूक झाली होती. पिनेच्या मुळाशी धातूचे दोन कान असतात. ते दाबून त्यात वायर पकडतात. एका हेडफोनची वायर आम्ही जरा जास्तच सोलली, त्यामुळे ते कान रबरावर न बसता नुसत्या तारांवर बसले. दुकानात वाजवून पाहिले तेव्हा हेडफोनचे दोन्ही कान चालू होते. आठवड्याने ग्राहक परत आले, डावा कान बंद. पिन उघडली तर धातूच्या कडेने हिरवी तार अर्धी कापलेली. त्यांचे काम आम्ही पुन्हा करून दिले. त्या दिवसापासून सोलण्याआधी वायर पिनेशेजारी ठेवून मोजतो, आणि धातूच्या कानांत निदान ४ मिलिमीटर अख्खे रबर आल्याशिवाय पक्कड दाबत नाही. वायर बारीक आणि कान मोठे असतील, तर रबरावर आधी तापवल्यावर आकसणाऱ्या नळीचा एक थर चढवतो. वायर बाहेर पडते तिथेही अशीच नळी किंवा स्प्रिंग देतो, म्हणजे वायर एकाच जागी काटकोनात न मोडता गोल वळते. खिशात फोन ठेवून ऐकणाऱ्यांना आम्ही काटकोनी पिन सुचवतो.

घरी स्वतः करणार असाल तर दोन गोष्टी विसरू नका. पिनेचे बाहेरचे टोपण आणि आकसणारी नळी सोल्डर करण्याआधी वायरीत ओवून घ्या, कारण नंतर ती घालता येत नाहीत. आणि सोल्डर करताना पिन एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खुपसून ठेवा. पिनेच्या भागांमधले प्लॅस्टिक तापून मऊ होते. सॉकेटमध्ये असली की भाग सरकत नाहीत. तार आणि पिनेची पाकळी (तार जोडायची धातूची पट्टी), दोन्हींवर आधी सोल्डर चढवलेले असेल, तर जोडायला सेकंद-दीड सेकंद पुरतो.

परत घेताना तपासून घ्या

टोपण लावण्याआधी आम्ही मीटर तुमच्यासमोर लावतो. ३२ ओहमच्या साध्या हेडफोनवर टोक ते मूळ साधारण ३२, कडे ते मूळही तेवढेच, आणि टोक ते कडे साधारण ६४ दिसायला हवे. पहिल्या दोन आकड्यांत मोठा फरक नको. मीटर लागताना कानात बारीक ‘कट’ असा आवाज येतो. तो कोणत्या कानात आला यावरून डावा-उजवाही कळतो. शून्याजवळचा आकडा म्हणजे दोन तारा कुठेतरी चिकटल्या आहेत. आकडाच नाही म्हणजे सांधा उघडा.

नंतर घरी कधी वाद्ये ऐकू येत असून गायक गायब झाल्यासारखा वाटला, तर हेडफोन टाकून देऊ नका. ती ग्राउंड सुटल्याची खूण आहे. ग्राउंड नसली की दोन्ही कानांना डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो, आणि गायकाचा आवाज बहुधा दोन्हीकडे सारखाच ध्वनिमुद्रित केलेला असल्यामुळे तो आपोआप वजा होतो. दहा मिनिटांचे काम असते, घेऊन या.

काय करत नाही

यूएसबी-सीची पिन आम्ही नुसत्या वायरीला लावत नाही. त्या पिनेच्या घरात सहसा डिजिटल आवाजाचे रूपांतर करणारी चिप असते, नुसत्या तीन तारा जोडून ती चालत नाही. तुमच्या फोनला गोल सॉकेट नसेल, तर ३.५ मिलिमीटरची पिन बसवून घ्या आणि ती अडॅप्टरला लावा. ज्या हेडफोनची वायर कपातून सुटी निघते, त्यांची मूळ वायर कापण्यापेक्षा आखूड वायर वेगळी बनवून घेणे चांगले. मूळची तशीच राहते. नव्या हेडफोनची वॉरंटी चालू असेल तर वायर कापल्यावर ती बहुधा जाते, तेव्हा कागद आधी पाहून घ्या.

कापलेला तुकडा आम्ही पिशवीत घालून परत देतो. जुनी पिन शाबूत असेल तर तो टाकू नका. त्याच्या मोकळ्या टोकाला सॉकेट बसवले की तुमच्याच वायरीचे एक्स्टेन्शन तयार होते, आणि टीव्हीसमोर पुन्हा लांब वायर लागली तर ते जोडता येते.