धरण केवढे आणि दरवाजे किती?

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात सकाळी पहिला प्रश्न असतो तो राधानगरीचे किती दरवाजे उघडले याचा. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा आणि ४३ फुटांवर आली की धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. राधानगरी धरणात ८.३६ टीएमसी पाणी मावते, हा आकडा मात्र त्या दिवसांत कोणी विचारत नाही, कारण पुराचा प्रश्न साठ्याचा नसून विसर्गाचा असतो हे सगळ्यांना अनुभवाने ठाऊक आहे. तीच माणसे राजारामपुरीत ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील चित्रे तयार करणारा भाग, घ्यायला गेली की मात्र पहिला, आणि पुष्कळदा एकमेव, प्रश्न विचारतात: किती जीबीचे आहे?

आमच्या शेजारचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी गेल्या आठवड्यात हाच प्रश्न घेऊन आला. “काका, बारा जीबीचे जुने घेऊ की आठ जीबीचे नवे?” जुने म्हणजे एनव्हिडिया कंपनीचे २०२१ मधले आरटीएक्स ३०६० आणि नवे म्हणजे २०२३ मधले आरटीएक्स ४०६०. नवे कार्ड कमी जीबीचे कसे, ही त्याची शंका रास्त होती.

जीबी हा कार्डावरील मेमरीचा साठा आहे, वेग नव्हे. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी बाहेर पडते आणि सातही उघडले की ७ गुणिले १,४२८, म्हणजे जवळपास १०,००० क्यूसेक. ग्राफिक्स कार्डाचा विसर्गही नेमक्या अशाच गुणाकाराने काढतात. कार्डावरील मेमरी आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या समांतर वाटांच्या संख्येला बसची रुंदी म्हणतात. ३०६० मध्ये अशा १९२ वाटा आहेत आणि प्रत्येक वाटेवरून सेकंदाला १५ गिगाबिट माहिती जाते. १९२ गुणिले १५ म्हणजे २,८८० गिगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागले की सेकंदाला ३६० जीबी. ४०६० मध्ये वाटा १२८ आणि प्रत्येकीचा वेग १७, म्हणजे सेकंदाला २७२ जीबी. येथे दरवाजे कमी केले आहेत आणि प्रत्येक दरवाज्यातून पाणी थोडे जोराने सोडले आहे, तरी एकूण विसर्ग घटलाच आहे.

बारा आणि आठ हे आकडेही याच रुंदीतून आलेले आहेत. या प्रकारच्या मेमरीची एक चिप ३२ वाटा व्यापते, त्यामुळे १९२ वाटांवर सहा आणि १२८ वाटांवर चार चिपा बसतात, आणि दोन-दोन जीबीच्या चिपा लावल्या की बारा आणि आठ होतात. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा असा न छापलेल्या आकड्याच्या मागून आलेला असतो. जीटी १०३० या स्वस्त कार्डाचे तर एकाच नावाने दोन प्रकार निघाले. दोन्हींत जीबी दोनच आणि वाटा ६४च, पण मेमरीच्या जातीमुळे एकाचा विसर्ग सेकंदाला ४८ जीबी आणि दुसऱ्याचा १६.८ जीबी.

आता विसर्ग इतका महत्त्वाचा का, हे पाहण्यासाठी थोडे गणित करावे लागेल, आणि मला स्वतःला या विषयातील हाच भाग सर्वांत आवडतो. ४०६० मध्ये ३,०७२ गणनकेंद्रे आहेत, प्रत्येक केंद्र घड्याळाच्या एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज, अशा दोन क्रिया करू शकते आणि ठोके सेकंदाला २४६ कोटींपर्यंत पडतात. तिन्हींचा गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १५.१ लाख कोटी क्रिया होतात. मात्र गणिताला लागणारी संख्या मेमरीतून यावी लागते आणि एक संख्या साधारणतः चार बाइटांची असते, म्हणजे सेकंदाला २७२ जीबी या दराने ६,८०० कोटी संख्याच पोहोचतात. भागाकार केला की उत्तर येते २२२. मेमरीतून आणलेली प्रत्येक संख्या सरासरी २२२ क्रियांमध्ये वापरली, तरच सगळी केंद्रे कामात राहतील; नाही तर ती रिकामी बसून वाट पाहतील. दोन लांबलचक याद्यांची नुसती बेरीज करायची असेल, तर दोन संख्या आणायच्या, एक परत ठेवायची आणि क्रिया एकच करायची. अशा कामात गणनकेंद्रांच्या क्षमतेचा अर्धा टक्काही वापरला जात नाही. ३०६० साठी हाच भागाकार सुमारे १४१ येतो, म्हणजे जुने कार्ड गणितात कच्चे असले तरी पाण्याच्या बाबतीत अधिक सुखी आहे.

मग गेम खेळताना ४०६० साधारण पाचव्या हिश्शाने पुढे कसे राहते? याचे उत्तर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात आहे. पावसाळा संपला की बरगे घालून नदीतच पाणी अडवतात, मग शेताला पाणी देण्यासाठी दर वेळी धरणाचे तोंड पाहावे लागत नाही. प्रोसेसरच्या पोटातील कॅश मेमरी हाच बंधारा होय. ३०६० मध्ये हा बंधारा ३ एमबीचा होता, तो ४०६० मध्ये २४ एमबीचा केला. गेममधील चित्राचे तेच तुकडे पुन्हा पुन्हा लागतात, ते बंधाऱ्यातच सापडतात आणि मुख्य मेमरीकडे जाणाऱ्या फेऱ्या कमी होतात. उपमा येथे थोडी तुटते, कारण पाणी एकदा वापरले की संपते आणि माहिती कितीही वेळा वापरली तरी तशीच राहते. बंधाऱ्याचा खरा लाभ त्यातच आहे.

परंतु घरच्या संगणकावर भाषा-प्रारूप, म्हणजे चॅटजीपीटीसारखा मजकूर लिहिणारा कार्यक्रम, चालवायचे असेल, तर हा बंधारा उपयोगी पडत नाही. सुमारे ४ जीबीचे प्रारूप प्रत्येक नवा शब्दखंड लिहिताना जवळजवळ संपूर्ण वाचावे लागते. २४ एमबीत त्याचे काय मावणार? तेथे कमाल वेग विसर्गानेच ठरतो: २७२ भागिले ४ म्हणजे सेकंदाला ६८ शब्दखंड, तर ३६० भागिले ४ म्हणजे ९०. प्रारूप ८ जीबीच्या बाहेर गेले, तर उरलेला भाग संगणकाच्या मेमरीतून मदरबोर्डवरील वाटेने आणावा लागतो आणि ४०६० ला तेथे सेकंदाला जेमतेम १६ जीबी मिळतात. साठ्याचा आकडा महत्त्वाचा ठरतो तो येथे.

कंपन्यांच्या तक्त्यांविषयीही सावध असावे. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाच्या प्रमुखांनी आरटीएक्स ५०७० हे कार्ड आधीच्या पिढीतील सर्वांत वरच्या ४०९० इतकी कामगिरी देते असे व्यासपीठावरून सांगितले. त्यात दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये अंदाजाने तयार केलेली चित्रेही मोजलेली होती. मधली चित्रे डोळ्यांना सुखावतात, हे मान्य. पण खेळाडूने दाबलेल्या बटणाला ती उत्तर देत नाहीत. खंडेनवमीला संगणकाला झेंडूचा हार घालून त्याच्या पंख्याची जाळी बंद करणाऱ्यांनी निदान वेग वाढल्याचा दावा तरी कधी केलेला नाही.

एवढे ऐकून शेजारच्या मुलाने गेम आणि भाषा-प्रारूपे दोन्ही हवीत असे सांगितले. ३०६० ला १७० वॅट लागतात आणि ४०६० ला ११५, म्हणून त्याला आधी घरी जाऊन आपल्या पॉवर सप्लायवर किती वॅट लिहिले आहेत ते वाचून यायला सांगितले आहे.