म्युस्ली की ग्रॅनोला? हॉटेलच्या खोलीतल्या नाश्त्यासाठी

दुकानात दोन्ही पाकिटं शेजारीशेजारी उभी असतात आणि दोन्हींवर तेच चित्र असतं: ओट्स, बदाम, बेदाणे आणि वाडग्यात पडणारी दुधाची धार. प्रवासाला निघायच्या गडबडीत हाताला येईल ते उचललं जातं. पण खोलीत गॅस नाही, पातेलं नाही, आहे ती फक्त इलेक्ट्रिक किटली आणि नशीब असेल तर छोटा फ्रिज. अशा वेळी कोणतं पाकीट उचललं, याने बराच फरक पडतो.

म्युस्ली म्हणजे चपटे केलेले ओट्स, बिया आणि सुकामेवा, नुसते एकत्र केलेले. ग्रॅनोलात हाच ऐवज तेल आणि मध किंवा पाकात घोळवून भट्टीत भाजतात. मूठभर तळहातावर घेऊन बघा. म्युस्ली सुटी पडते आणि मागे पिठूळ भुकटी राहते. ग्रॅनोलाचे गोळे असतात आणि बोटं किंचित चिकट होतात. त्या चिकटपणाचा हिशेब उष्मांकांत दिसतो: 100 ग्रॅम म्युस्लीत साधारण 350 ते 390 किलोकॅलरी, ग्रॅनोलात बहुधा 450 किंवा त्याहून जास्त.

म्युस्ली ज्यांच्यामुळे नावारूपाला आली ते स्विस डॉक्टर माक्सिमिलियान बिर्खर-बेनर 1900 च्या सुमारास आपल्या रुग्णांना जे द्यायचे, त्यात किसलेलं सफरचंद मुख्य होतं आणि भिजवलेले ओट्स नावापुरते. खोलीत एक सफरचंद आणि चमचा असेल, तर आजही हेच प्रमाण उत्तम. किसणी नसली तरी काही अडत नाही, बारीक तुकडे चालतात.

खरा प्रश्न भिजण्याचा. ओट्स चपटे करण्याआधीच वाफवलेले असतात, त्यामुळे ते शिजवावे लागत नाहीत, भिजले की झालं. रात्री कपात म्युस्ली आणि जेमतेम बुडेल इतकं दूध घालून फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी नाश्ता तयार. अडचण त्या फ्रिजचीच असते. खोलीतले काही फ्रिज पेयं गार ठेवण्यापुरतेच असतात, आणि काही हॉटेलांत दारापाशी खोचलेलं कार्ड काढलं की फ्रिजही बंद पडतो. दिवसभर बाहेर भटकून आल्यावर सकाळच्या उघड्या दुधावर मी तरी भरवसा ठेवणार नाही. त्यापेक्षा घरूनच म्युस्लीत दुधाची पावडर मिसळून न्यावी, चार वाट्यांना एक वाटी. सकाळी किटलीतलं गरम पाणी ओतायचं, वर बशी झाकायची आणि आंघोळ उरकून यायचं.

किटलीत पाणीच उकळायचं, दूध नाही. दूध तळाला करपतं आणि उतूही जातं. मग पुढच्या पाहुण्याच्या चहाला करपट वास.

हाच प्रयोग ग्रॅनोलावर केला तर पाक विरघळतो, पाणी गोडमिट्ट होतं आणि कुरकुरीतपणा, ज्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजले, तो जातो. ग्रॅनोला भिजवायचा नसतोच. दही आणि फळं वाटीत घेतली की खाताना वरून एक मूठ, बस. पोटभर वाडगा ग्रॅनोलाचाच घेतला, तर तो नाश्ता कमी आणि मिठाई जास्त.

पाकिटावरच्या नावावर मात्र जाऊ नका. ‘क्रंची म्युस्ली’ बहुतेकदा ग्रॅनोलाच असतो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. पहिल्या तीन-चारांत साखर, मध, सिरप किंवा तेल दिसलं की ओळखायचं. ‘वरून साखर घातलेली नाही’ असं लिहिलेल्या म्युस्लीतही बेदाण्यांची साखर असतेच. बेदाण्यांत निम्म्याहून जास्त वजन साखरेचं असतं.

विमानाने जाणार असाल तर दोन्ही कोरडी पाकिटं सहसा हातातल्या बॅगेत चालतात. दही मात्र सुरक्षा तपासणीत द्रवात मोजलं जातं आणि अनेक विमानतळांवर 100 मिलिलिटरवरचा डबा काढून घेतात. ते मुक्कामी पोचल्यावरच विकत घ्यावं.