पाणी आणि धान्य एका टेबलावर कसं आलं: विद्यापीठांतल्या संशोधनाची पार्श्वभूमी

सध्या जवळपास प्रत्येक मोठ्या विद्यापीठात पाणी आणि अन्नसुरक्षा असं जोडनाव असलेलं एखादं सेंटर असतंच, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की हे दोन विषय पहिल्यापासून एकाच घरात नांदत असणार. तसं काही नव्हतं. माणूस नद्या, तलाव आणि जमिनीखालून जेवढं गोडं पाणी उपसतो त्यातलं साधारण ७० टक्के शेतीला जातं, तरी शंभरेक वर्षं माती-बियाणंवाले एका बिल्डिंगमध्ये आणि धरणं-कालवेवाले सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या बिल्डिंगमध्ये, असाच कारभार होता. पिकवाले पाणी आहेच असं धरून चालायचे, आणि कालवेवाले पाणी शेताच्या बांधापर्यंत पोचवलं की हात झटकायचे.

सुरुवात बहुतेक जण जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठापासून करतात. युस्टुस फॉन लीबिग तिथला केमिस्ट्रीचा प्रोफेसर, १८४० साली त्याचं शेती आणि रसायनशास्त्रावरचं पुस्तक आलं, आणि त्याने एक नियम गाजवला की पिकाला लागणाऱ्या गोष्टींपैकी जी सगळ्यात कमी पडते तीच उत्पादन ठरवते, बाकीचं कितीही ओता. (नियम मुळात कार्ल श्प्रेंगेलने आधीच मांडला होता, पण नाव लीबिगचं झालं.) गंमत म्हणजे नेमकं काय कमी पडतंय हे ओळखण्यात लीबिग स्वतःच चुकला. त्याला वाटायचं नायट्रोजन हवेतूनच पुरेसा मिळतो, म्हणून खनिजांवर भर देऊन त्याने आपलं पेटंट खत काढलं, आणि पावसात वाहून जाऊ नये म्हणून ते असं बनवलं की ते पाण्यात नीट विरघळेचना, मग मुळांना मिळणार काय! खत आपटलं. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड या शेती-प्रयोग केंद्रात जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट या जोडीने १८४३ पासून शेतात प्रयोग लावून दाखवून दिलं की गव्हाला नायट्रोजन द्यावाच लागतो, आणि यातला गिल्बर्ट गीसेनमध्ये लीबिगच्याच हाताखाली शिकलेला. रॉथमस्टेडचा तो गव्हाचा प्रयोग अजून चालू आहे.

मला विचाराल तर लीबिगचं उत्तर गेलं पण प्रश्न राहिला. "कमी काय पडतंय?" पुढच्या पावणेदोनशे वर्षांत या क्षेत्रात जे काही झालं ते याच प्रश्नाला दर पिढीने दिलेलं वेगळं उत्तर आहे.

पैसा आणि माणसं कुठून आली तेही सांगायला हवं. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना १८६२ मध्ये मॉरिल कायदा झाला, त्यात प्रत्येक राज्याला त्याच्या दर सिनेटर आणि प्रतिनिधीमागे ३०,००० एकर सरकारी जमीन मिळाली, ती विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायची. ही 'सरकारी' जमीन मूळ रहिवाशांकडून काढून घेतलेली होती, एक कोटी एकरांहून जास्त, आणि त्या विद्यापीठांमध्ये याबद्दल उघड बोलणं आत्ता आत्ता सुरू झालंय. १८८७ च्या हॅच कायद्याने प्रत्येक राज्याच्या प्रयोग केंद्राला वर्षाला १५,००० डॉलर मिळू लागले, आणि १९१४ ला विस्तारसेवा आली, म्हणजे प्रयोगशाळेतलं ज्ञान शेतापर्यंत नेणारा माणूस पगारावर ठेवायचा. शिकवणं, प्रयोग आणि विस्तार ही तिकडी पुढे बऱ्याच देशांनी उचलली. कुठल्याही एका बियाण्यापेक्षा ही रचना जास्त महत्त्वाची होती असं माझं मत आहे, पण तिच्यात पाण्याला वेगळी खुर्ची नव्हती.

नायट्रोजनचा प्रश्न फ्रित्झ हाबरने १९०९ ला कार्ल्सरूच्या तांत्रिक विद्यापीठात हवेतून अमोनिया बनवून सोडवला, १९१३ ला कारखाना उभा राहिला. त्यावर इतकं लिहिलं गेलंय की मी थांबत नाही.

पाण्याकडे नीट बघणारे पहिले लोक फारसे कोणाला माहीत नाहीत. लायमन ब्रिग्ज आणि होमर शँट्झ, दोघेही अमेरिकी कृषी खात्याचे, १९११ च्या सुमारास कोलोरॅडोत अॅक्रन नावाच्या कोरड्या ठिकाणी त्यांनी बंद तोंडाच्या कुंड्यांमध्ये पिकं लावली, कुंड्या वजन करत राहिले, आणि एक किलो सुका पाला-दाणा तयार व्हायला पिकातून किती किलो पाणी उडून जातं ते मोजलं. ज्वारी-बाजरीवर्गाला ३०० च्या आसपास, गव्हाला ५०० च्या आसपास, अल्फाल्फा चाऱ्याला ८०० च्या वर. एवढं पाणी का लागतं तर पानावरच्या बारीक छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच दारातून वाफ बाहेर जाते, दार बंद केलं तर पाणी वाचतं पण पीक उपाशी राहतं. "कमी पाण्यात जास्त पीक" ही घोषणा ऐकायला सोपी वाटते, पण तिची खरी अडचण या दारात आहे. पुढे १९५८ मध्ये नेदरलँड्समधल्या वागेनिंगनच्या कॉर्नेलिस डी विटने त्याच जुन्या कुंड्यांचे आकडे परत काढले आणि दाखवलं की वाढ आणि पानातून उडालेलं पाणी यांचं प्रमाण बरंच पक्कं असतं, फक्त हवा किती कोरडी आहे ते त्यात धरावं लागतं. कोरड्या हवेत तेच पीक जास्त पाणी मागतं. त्याआधी १९४८ ला रॉथमस्टेडच्याच हॉवर्ड पेनमनने ऊन, वारा, तापमान आणि दमटपणा यांवरून बाष्पीभवन काढायचं समीकरण दिलं होतं, १९६५ ला जॉन माँटिथने त्यात वाफ बाहेर पडताना पिकाची पानं करतात तो विरोध धरला, आणि आज जगभर पिकाला किती पाणी द्यायचं हे याच समीकरणाने काढतात.

आता हरितक्रांती. गोष्ट नेहमी नॉर्मन बोरलॉगपासून सांगतात, मिनेसोटा विद्यापीठाचा वनस्पतीरोगतज्ज्ञ, १९४४ ला मेक्सिकोत गेला, १९७० ला शांततेचं नोबेल. पण त्याच्या बुटक्या गव्हाचा प्रवास बघा. नोरिन १० हे वाण जपानमध्ये गोंजिरो इनाझुकाने तयार केलं, १९३५ ची गोष्ट, महायुद्धानंतर १९४६ ला सॅल्मन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने ते अमेरिकेत आणलं, मग वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनच्या कॉलेजात ऑर्विल व्होगेलने त्याचे संकर केले आणि बोरलॉगला बी पाठवलं. कोणी पेटंट मागितलं नाही, करार नाही, पाकिटातून बी गेलं. आजच्या बौद्धिक संपदेच्या जमान्यात हे प्रकरण वकिलांच्या टेबलावरच अडकलं असतं! बुटका गहू हवा होता कारण उंच गव्हाला जास्त खत दिलं की तो आडवा व्हायचा. पण याचा पाण्याशी संबंध फार थोडे लोक सांगतात. बुटक्या गव्हाने काडीवर कमी खर्च करून दाण्यात जास्त भरलं, म्हणजे साधारण तेवढ्याच उडालेल्या पाण्यात दाणे जास्त मिळाले. पाण्याची एवढी मोठी बचत झाली आणि ती करणाऱ्यांच्या मनातही पाणी नव्हतं. दुसरी बाजू अशी की या वाणांना वेळेवर पाणी लागायचंच, त्यामुळे पंप आले, बोअर आले, आणि भाताचंही तेच झालं, फिलिपिन्समधल्या भात संशोधन संस्थेचं आयआर८ हे बुटकं वाण १९६६ ला आलं तेव्हा.

तोवर सगळे धरून चालले होते की कमी पडतंय ते धान्य. अमर्त्य सेननी १९८१ मध्ये हे उलटं केलं, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे आकडे काढून त्यांनी मांडलं की तेव्हा धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हतं, लोकांकडे ते विकत घ्यायची ताकद उरली नव्हती. या आकड्यांवर वाद झाले, अजून होतात, पण १९९६ च्या रोमच्या अन्न परिषदेत अन्नसुरक्षेची जी व्याख्या ठरली तिच्यात अन्न 'असणं' पुरेसं नाही, ते परवडायला आणि हाताला लागायला पाहिजे हे आलं.

पाण्याच्या बाजूला असाच धक्का लंडनमधून आला. टोनी अॅलन हा भूगोलाचा माणूस, मध्यपूर्वेचा अभ्यासक, त्याला एक कोडं पडलं होतं की सगळे म्हणतात तिथे पाण्यावरून युद्ध होणार, पाणी तर १९७० च्या दशकातच संपल्यात जमा आहे, मग युद्ध होत का नाही? उत्तर बंदरावर होतं. ते देश गहू आयात करत होते, आणि टनभर गव्हासोबत तो पिकवायला लागलेलं हजारेक टन पाणी दुसऱ्या देशाच्या शेतात खर्च झालेलं असतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने याला 'व्हर्च्युअल वॉटर' म्हटलं, २००८ ला स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. स्वीडनच्या मालिन फाल्कनमार्कनी १९८९ मध्ये देशात माणशी वर्षाला उपलब्ध पाण्यासाठी १,७०० घनमीटरची रेघ आखली, त्याखाली पाण्याचा ताण, आणि नंतर नदीतलं 'निळं' पाणी आणि मातीत मुरून पिकातून जाणारं 'हिरवं' पाणी असा भेद रूढ केला. हा भेद मला फार आवडतो, कारण जगातली बरीचशी शेती पावसाच्या हिरव्या पाण्यावर चालते आणि धरणांच्या हिशोबात ते पाणी दिसतच नाही. २००२ पासून आर्यन हुकस्ट्राने नेदरलँड्समध्ये याचा 'वॉटर फूटप्रिंट', म्हणजे एखादी वस्तू बनायला एकूण किती पाणी खर्च झालं त्याचा हिशोब, करून टाकला.

मग कोणी तरी विचारतंच, समुद्राचं पाणी गोडं करून शेतीला का नाही देत? तेही विद्यापीठातूनच आलंय. १९५० च्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठात चार्ल्स रीडने दाखवलं की सेल्युलोज अॅसिटेटचा पडदा मीठ अडवतो, पण पाणी इतकं हळू यायचं की उपयोग शून्य. १९५९-६० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी असा पडदा बनवला ज्याची एक बाजू अतिशय पातळ आणि दाट, बाकीचा स्पंजासारखा, आणि पाणी भराभर यायला लागलं, फक्त पडदा सुलट लावायचा, उलटा लावला की मीठ आरपार. १९६५ ला कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा गावात असे पडदे वापरणारा प्लांट सुरू झाला. आज समुद्राच्या एका घनमीटर पाण्याला साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते. प्यायला ठीक आहे. पण एक किलो गव्हाला घनमीटरभर पाणी धरा, म्हणजे किलोमागे तेवढी वीज, आणि कागदावरच गाडी थांबते. महागडी भाजी, ग्रीनहाऊस, तिथे चालतं, पोटभरीच्या धान्याला नाही.

बियाण्याच्या बाजूला एक काम मला यांपेक्षा मोलाचं वाटतं, ते पाणी कमी पडण्याचं नाही, जास्त होण्याचं आहे. ओडिशातल्या एफआर१३ए या जुन्या भातात पुराखाली तग धरायची ताकद होती, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमध्ये १९९६ ला त्या गुणाची जागा नवव्या गुणसूत्रावर सापडली, २००६ ला जीन सापडला, आणि तो चालू वाणांमध्ये संकराने घालून दोनेक आठवडे बुडूनही उभा राहणारा भात तयार झाला. जुनं वाण कोणी तरी जपून ठेवलं नसतं तर प्रयोगशाळेला सापडायला काही नसतं.

आता ते भांडण, ज्यावर सध्या सगळ्यात जास्त कागद खर्च होतोय. ठिबक, तुषार लावलं की पाणी वाचतं हे सगळ्यांनी गृहीत धरलं, अनुदानंही त्यावरच. पण शेतातून 'वाया' जाणारं पाणी जातं कुठे? बरंच मुरून खालच्या विहिरीत, नाहीतर पुढच्या शेतकऱ्याच्या ओढ्यात. ते अडवून त्याच पाण्यावर आणखी एकर भिजवलं तर शेताचा हिशोब सुधारतो आणि खोऱ्यातून प्रत्यक्ष उडून जाणारं पाणी वाढतं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यावरच्या अभ्यासात हेच निघालं, २०१४ मध्ये तिथल्याच कॅन्सस राज्यात दिसलं की सुधारित तुषार संचांनंतर उपसा कमी व्हायच्या ऐवजी वाढला. ठिबक वाईट नाही, पीक सुधारतं, मजुरी वाचते, पण उपशावर मर्यादा नसेल तर त्याला जलसंधारण म्हणू नये. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉमने १९६५ मधली आपली पीएचडी लॉस एंजेलिसजवळच्या भूजलावरच केली होती, लोक एकत्र बसून उपशाचे नियम कसे ठरवतात यावर, २००९ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा कुठे पाण्याच्या लोकांनी ते नीट वाचलं.

मर्यादा घालायची तर मोजायला हवं, आणि मीटर कोणालाच नको असतो. २००२ ला सुटलेल्या ग्रेस उपग्रहांच्या जोडीने, ज्यामागे टेक्सास विद्यापीठाचा मोठा हात होता, खालच्या गुरुत्वाकर्षणाच्या फरकाने एकमेकांमधलं साधारण २२० किलोमीटरचं अंतर किंचित बदलतं त्यावरून जमिनीखालच्या पाण्याचं वजन काढायला सुरुवात केली. २००९ च्या पेपरात वायव्य भारतात सहा वर्षांत १०९ घन किलोमीटर भूजल गेल्याचं आलं. पण ग्रेसला एक शेत दिसत नाही, शेकडो किलोमीटरचा पट्टा दिसतो. शेतागणिक बघायला दुसरी युक्ती, पीक पाणी उडवतं तेव्हा थंड राहतं, म्हणून उष्णतेचा फोटो काढला की किती पाणी उडालं ते काढता येतं. नेदरलँड्समध्ये विम बास्तियानसेनने १९९० च्या दशकात ही पद्धत बसवली, आयडाहो विद्यापीठात रिचर्ड अॅलनने ती पुढे नेली, आणि राज्याच्या पाणीहक्काच्या कामात ती वापरात आली. या सगळ्याला लागणारा उष्णतेचा कॅमेरा लँडसॅट ८ या अमेरिकी उपग्रहातून वगळायचं ठरत होतं, पश्चिमेकडच्या राज्यांचे पाणी अधिकारी आणि हे संशोधक मागे लागले म्हणून तो घाईत परत बसवला, फक्त ३ वर्षं टिकेल अशा हिशोबाने. २०१३ ला तो वर गेला, आणि ती ३ वर्षं संपल्यावरही फोटो येतच राहिले.