जुन्या टेबल सॉला नवी फेन्स : एका बदलाची पार्श्वभूमी

अमेरिकेत जुना टेबल सॉ, म्हणजे टेबलाच्या फटीतून गोल पाते वर आलेली यांत्रिक करवत, विकत घेणारा हौशी किंवा व्यावसायिक सुतार पुष्कळदा सर्वांत आधी त्याच्यासोबत आलेली फेन्स काढून ठेवतो आणि तिच्या जागी नवी बसवतो. यंत्र साठ-सत्तर वर्षांचे असले तरी बिडाचे टेबल सपाट असते, आर्बरची, म्हणजे पाते ज्यावर बसते त्या दांड्याची, बेअरिंगे बदलली की पाते पुन्हा निमूट फिरू लागते, मोटारही दुरुस्त होते. तक्रार उरते ती फेन्सची. ही तक्रार इतकी सार्वत्रिक का झाली, आणि तिच्यावरचा टिकाऊ उपाय यंत्रे बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांऐवजी ॲरिझोना राज्यातल्या एका कारागिराच्या हातून का आला, हे समजण्यासाठी या लहानशा भागाचा इतिहास पाहावा लागतो.

फेन्स म्हणजे पात्याला समांतर उभी राहणारी आड. लाकूड उभ्या रेषांच्या दिशेने, लांबीत चिरताना त्याची एक कड या आडीला टेकवून पुढे सरकवली जाते, आणि फेन्स व पाते यांच्यातले अंतर म्हणजेच निघणाऱ्या पट्टीची रुंदी. एवढे साधे काम असूनही त्यात एक कठोर अट आहे : समांतरता टेबलाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत टिकली पाहिजे. फेन्सचे मागचे टोक पात्याकडे केसभर जरी झुकले, तरी लाकूड फेन्स आणि पात्याची मागची बाजू यांच्यात आवळले जाते. मागच्या बाजूचे दात खालून वर येत असतात, ते लाकडाला उचलतात आणि चालवणाऱ्याच्या अंगावर फेकतात. यालाच किकबॅक म्हणतात. दहा इंची पाते मिनिटाला सुमारे ४००० फेरे घेते, म्हणजे त्याच्या कडेचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो, आणि लाकूड उलटे येते ते या वेगाच्या जोरावर. म्हणून अनेक कारागीर फेन्सचे मागचे टोक जाणूनबुजून इंचाच्या एक-दोन हजारांश भागाने बाहेर ठेवतात. पण ज्या फेन्सचा कोन दर वेळी घट्ट करताना बदलतो, तिच्या बाबतीत हजारांशाची भाषा व्यर्थच असते.

गोल पात्याची करवत इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. साउदॅम्पटनच्या सॅम्युएल मिलरने १७७७ मध्ये घेतलेल्या पेटंटात गोल आकाराच्या करवतीचा उल्लेख येतो, आणि सॅम्युएल बेंथॅमच्या १७९३ च्या पेटंटात तर बाक, त्यातल्या फटीतून वर आलेले पाते आणि समांतर मार्गदर्शक पट्टी अशी आजच्या टेबल सॉची जवळपास सगळी अंगे मोजलेली आहेत. म्हणजे फेन्सची कल्पना यंत्राइतकीच जुनी आहे. पुढच्या शतकभरात ती लाकडाची बिडाची झाली, पण तिला पकडायचे कसे या प्रश्नाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही, कारण बड्या गिरण्यांत एकदा माप लावले की दिवसभर तेच माप चिरले जाई. फेन्स दर पाच मिनिटांनी हलवण्याची गरज लहान कार्यशाळेला भासली, आणि लहान कार्यशाळेच्या आवाक्यातले यंत्र विसाव्या शतकात आले.

युरोपने या वळणावर वेगळी वाट धरली. विल्हेल्म आल्टेनडॉर्फ याने १९०६ मध्ये बर्लिनजवळ सुरू केलेल्या कामातून सरकत्या टेबलाचा सॉ पुढे आला, ज्यात लाकूड स्थिर फेन्सला घासत नेण्याऐवजी टेबलाचा भागच लाकडासह पात्यापुढून सरकतो. तिथली फेन्स आखूड असते आणि पात्याच्या पुढल्या भागापाशीच संपते, त्यामुळे चिरलेल्या लाकडाला मागे मोकळी जागा मिळते. अमेरिकन कारागिराने मात्र टेबलभर लांब फेन्स हवी हा आग्रह सोडला नाही, आणि लांब वस्तू नीट पकडण्याची अडचण त्यामुळे त्याच्याच वाट्याला आली.

मिलवॉकीच्या डेल्टा कंपनीने १९३९ मध्ये युनिसॉ बाजारात आणला. टेबल तिरके न करता आर्बर तिरका करायचा, मोटार बंद पेटीत बसवायची आणि हे सगळे मध्यम आकाराच्या कार्यशाळेला परवडेल अशा रूपात द्यायचे, ही त्याची मांडणी होती. ती इतकी यशस्वी ठरली की पुढच्या अनेक दशकांत इतरांनी तिचीच नक्कल केली. १९४५ मध्ये रॉकवेलने डेल्टा विकत घेतली, तरी यंत्राचा सांगाडा फारसा बदलला नाही. हौशी लोकांसाठी सिअर्स या विक्रेत्या कंपनीच्या क्राफ्ट्समन नावाखाली आधी किंग-सीली आणि नंतर एमर्सन या कंपन्यांनी बनवलेले स्वस्त सॉ घरोघरी गेले. आज जुना सॉ म्हणून हाती येतो तो बहुधा या दोन कुळांपैकी एक.

या यंत्रांवरच्या फेन्सची रचना कागदावर उत्तम दिसते. टेबलाच्या पुढच्या आणि मागच्या कडेला प्रत्येकी एक रूळ, पुढच्या रुळाला दाते, फेन्सच्या डोक्यात त्या दात्यांत बसणारे लहान चाक आणि ते फिरवण्यासाठी मूठ. मूठ हळूच फिरवली की फेन्स सूतभर (इंचाचा आठवा भाग) किंवा त्याहून कमी सरकते. मग पुढचा दांडा दाबायचा. फेन्सच्या पोटातून जाणारी सळई मागचा आकडा मागच्या रुळावर ओढते आणि फेन्स दोन्ही टोकांना आवळली जाते. डेल्टा-रॉकवेलच्या अशा फेन्सला पुढे जेट-लॉक असे नाव मिळाले. दोष नेमका या दोन टोकांच्या पकडीत आहे. डोक्याची रुंदी कमी, रूळ थोडासा झिजलेला, त्यावर भुसा बसलेला. अशा स्थितीत आधी पुढचे टोक टेकले की एक कोन मिळतो आणि मागचे आधी टेकले की दुसरा. मागचा आकडा घट्ट झाला की जो कोन असेल तोच कायम होतो. त्यामुळे कारागीर फेन्स हलवल्यावर दर वेळी टेप घेऊन पात्याच्या पुढे एकदा आणि मागे एकदा अंतर मोजी, मागचे टोक हाताने ठोकून सरळ करी, पुन्हा मोजी. नवी असताना ही फेन्स नीट चालते आणि जपणाऱ्याच्या हाती पुढेही चालते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण दिवसात चाळीस वेळा माप बदलणाऱ्याला ते परवडत नाही.

आपल्याकडे इंटिरियरच्या साइटवर हेच दृश्य आजही दिसते. प्लायवूडच्या खालून कटर उलटा बसवून टेबल केलेले असते, ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप फेन्स म्हणून ठेवलेला असतो, आणि मिस्त्री तो दोन्ही टोकांना क्लॅम्पने आवळण्याआधी पुढून आणि मागून इंच-सुतात माप घेतो. दोन टोकांना पकडायचे ठरवले की दोन ठिकाणी मोजणे ओघाने येतेच.

अमेरिकेत या त्रासाची धार वाढवली ती प्लायवूडने. दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणी वाढली, स्वयंपाकघरातली कपाटे फळ्यांऐवजी चार बाय आठ फुटांच्या तक्त्यांतून बनू लागली, आणि जुन्या सॉचे रूळ पात्याच्या उजवीकडे जेमतेम २४-२५ इंचांपर्यंतच नेत. तक्ता मधोमध चिरण्यापुरते ते माप पुरे, पण तीस इंची बाजू किंवा त्याहून रुंद पाठफळी चिरायची तर ते अपुरे. शिवाय कपाटाच्या कामात दहा तुकडे एकाच मापाचे लागतात, आणि दहातला एक सूतभर चुकला की पेटी गुण्यात (काटकोनात) येत नाही. चिरीची रुंदी साधारण एक सूत असते. फेन्सने तेवढीच आणखी चूक केली तर ती नजरेला दिसते.

ॲरिझोनातल्या मेसा इथल्या विल्यम बीसेमायर याने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात या अडचणीवर दिलेले उत्तर महाराष्ट्रातल्या कोणत्याही अभियांत्रिकी विद्यार्थ्याला लगेच कळेल, कारण ड्रॉइंग बोर्डावरचा टी-स्क्वेअर त्याने हाताळलेला असतो. टी-स्क्वेअरचे डोके फळ्याच्या एकाच कडेला टेकते, दुसरे टोक मोकळे असते, तरी रेघा समांतर येतात, कारण डोके रुंद आहे आणि कड सरळ आहे. बीसेमायरने टेबलाच्या पुढे लोखंडी अँगलवर पोलादी चौकोनी नळी बसवली आणि तिच्यावर रुंद डोक्याची जड टी ठेवली. डोके नळीला दोन बिंदूंवर टेकते आणि विकेंद्री चकतीचा दांडा दाबला की तिथेच पकडले जाते. मागच्या टोकाला आकडा नाही. ते टेबलावर नुसते सरकते. काटकोन साधण्यासाठी डोक्यात दोन सेट स्क्रू आहेत, ते एकदा लावले की वर्षानुवर्षे पाहावे लागत नाहीत.

या रचनेची खरी चतुराई साधेपणात आहे असे मला वाटते. टेकण्याचे दोन बिंदू बारा इंच अंतरावर आहेत असे धरले आणि त्यांपैकी एक इंचाच्या एक हजारांशाने चुकला, तर तीस इंच लांबच्या मागच्या टोकाला चूक फक्त अडीच हजारांश होते. ती चूकही दर वेळी तीच असते, कारण ती सेट स्क्रूंतून येते, आवळणाऱ्या हातातून येत नाही. पण कामाच्या दृष्टीने त्याहून मोठा फरक मापपट्टीने केला. जुन्या यंत्रांच्या रुळावरही पट्टी असे, पण तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नसे. नव्या फेन्सचा कोन बदलत नसल्याने रुळावर चिकटवलेली टेप आणि तिच्यावरची बारीक रेघेची काच एकदा जुळवली की आकडा वाचायचा, दांडा दाबायचा आणि चिरायला घ्यायचे, असे चालू झाले. सूक्ष्म सरकवण्याची मूठ यात नाही, ही तक्रार पुढे अनेकांनी केली, आणि नेमके माप हवे असेल तेव्हा डोक्याला हलकी थाप मारण्याची सवय सगळ्यांनाच लागली. रूळ लांब करायलाही अडथळा नव्हता. नळी हवी तेवढी लांब घ्यायची. म्हणून पात्याच्या उजवीकडे ५० इंचांपर्यंत चिरणारा संच सहज बनला आणि त्यासोबत बाजूला लाकडी टेबल जोडण्याची पद्धत रूढ झाली.

बीसेमायरने फेन्स सुटी विकली, हे इथे महत्त्वाचे आहे. त्या काळच्या टेबल सॉची पुढची कड सरळ घडलेली असे, तिला भोके असत किंवा पाडता येत, आणि रूळ बोल्टाने बसत. युनिसॉ असो, पॉवरमॅटिक ६६ असो की क्राफ्ट्समन, अँगल पुरेसा खाली बसला आणि मायटरच्या, म्हणजे आडवे कापताना लाकूड धरणाऱ्या गेजच्या, खाचेतली पट्टी त्याला अडली नाही म्हणजे झाले. त्यामुळे यंत्र न बदलता फक्त फेन्स बदलण्याची बाजारपेठ उभी राहिली, आणि ज्या यंत्राची किंमत फेन्सच्या किमतीहून कमी होती, त्यावरही ती बसवली जाऊ लागली. हे वरवर विचित्र दिसते. प्रत्यक्षात हिशेब बरोबर आहे, कारण त्या पैशात तशी फेन्स असलेला नवा सॉ मिळत नव्हता.

इतरांनी याच सुमारास वेगळे उपाय शोधले. इलिनॉयमधल्या व्हेगाने पुढे गोल नळी घेऊन सूक्ष्म सरकवण्याची सोय टिकवली. डेल्टाने १९८० च्या दशकात स्वतःची युनिफेन्स काढली, जिचा ॲल्युमिनियमचा भाग डोक्यावर पुढे-मागे सरकतो; तो पात्याच्या पुढच्या भागापर्यंत मागे ओढला की युरोपीय आखूड फेन्सचा फायदा मिळतो, आणि आडवा पाडला की पातळ लॅमिनेट त्याच्या खाली शिरत नाही. गुणांनी ती बीसेमायरच्या तोडीची होती, काही कामांत सरसही. तरी बाजाराने पसंत केली ती पोलादी नळीची टी, कारण तिच्यात मोडण्यासारखे काही नव्हते आणि तिच्या पृष्ठभागावर लाकडी पट्टी, ठोकळा किंवा जिग कसाही क्लॅम्प करता येई. शेवटी डेल्टानेच बीसेमायरची कंपनी विकत घेतली. पेटंटाची मुदत संपल्यावर तैवानमध्ये बनलेल्या नकला स्वस्तात येऊ लागल्या, आणि नवा कॅबिनेट सॉ (बंद पेटीवर उभा असलेला सॉ) घेतला तर त्यावर बहुधा याच तत्त्वाची फेन्स येऊ लागली. बोट लागताच पाते थांबवणाऱ्या सॉस्टॉपने २००४ मध्ये आपला पहिला सॉ विकला, त्याची फेन्सही याच कुळातली आहे.

जुन्या सॉवर नवी फेन्स बसवताना या इतिहासातून आलेल्या दोन मर्यादा विसरता येत नाहीत. पहिली अशी की फेन्स समांतर असते ती मायटरच्या खाचेला; पाते त्या खाचेला समांतर नसेल तर उत्तम फेन्सही लाकूड आवळील. कॅबिनेट सॉमध्ये पात्याचा आधार पेटीला जोडलेला असतो, म्हणून वरचे टेबल त्याचे बोल्ट सैल करून फिरवता येते. मागे लोंबणाऱ्या मोटारीच्या काँट्रॅक्टर सॉमध्ये आणि बहुतेक क्राफ्ट्समन यंत्रांत तो आधार टेबलाच्या खालून टांगलेला असतो, आणि तो सरळ करणे हे फेन्स बसवण्याहून वेळखाऊ काम आहे. दुसरी मर्यादा किकबॅकची. पात्यामागे त्याच्यासोबत वर-खाली होणारी आणि चीर उघडी ठेवणारी पट्टी, रायव्हिंग नाइफ, अमेरिकेत नव्या रचनेच्या टेबल सॉना २००८ पासून आवश्यक झाली. त्याआधीच्या यंत्रांत ती नाही आणि फेन्स बदलून ती येत नाही. समांतर फेन्स किकबॅकचे एक कारण दूर करते. लाकडातला ताण चीर मिटवतो तेव्हा तिचा काही उपयोग नसतो.

काढलेल्या जुन्या फेन्सचे काय करायचे, हा प्रश्न पहिल्या पिढीला पडला नाही. त्यांनी त्या भंगारात दिल्या किंवा भिंतीला टांगल्या. आता युनिसॉ मूळ रूपात पुन्हा उभा करणारे लोक त्याच भिंतीवरच्या फेन्स शोधत येतात, दात्यांचा रूळ आणि मुठीचे चाक शाबूत आहे का हे पाहतात, आणि नवी पोलादी टी काढून जुनी जेट-लॉक परत बसवतात. मग टेप घेऊन पात्याच्या पुढे आणि मागे अंतर मोजतात.