पुण्यातलं पर्यावरण अर्थशास्त्र: आधी पाट, मग पुस्तक

पर्यावरण आणि नैसर्गिक साधनसंपत्तीचं अर्थशास्त्र म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं हे कार्बन क्रेडिट वगैरे, म्हणजे बाहेरून आलेलं प्रकरण. बाहेरचा इतिहास आहेच, पिगू (दुसऱ्यांच्या माथी पडणारा खर्च हिशोबात धरा म्हणणारे इंग्रज अर्थतज्ज्ञ) १९२०, संपत जाणाऱ्या साधनांवरचा हॉटेलिंगचा पेपर १९३१, १९७४ ला या विषयाचं स्वतंत्र जर्नल, हे सगळं सिलॅबसमध्ये असतं. पण पुण्यातली मंडळी या विषयात शिरली ती पाटाच्या पाण्यामुळे, आणि तेव्हा या विषयाला असं काही नावही नव्हतं.

मुळात दख्खनचे कालवे दुष्काळासाठी. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने त्यांच्यावर जोर दिला, आणि मग लक्षात आलं की पाऊस बरा झाला तर काळ्या रानातल्या ज्वारीला शेतकरी पाणी घेतच नाही, पाणीपट्टी कशाला भरायची उगाच! त्याचं बरोबरच होतं की. पण कालवा दरवर्षी तोट्यात, आणि दुष्काळ पडला की सगळेच एकदम पाणी मागणार. महसूल यायचा तर बारमाही पाणी पिणारं पीक हवं, म्हणजे ऊस. उसाने सगळं पाणी ओढू नये म्हणून इंजिनिअर विश्वेश्वरय्यांनी (पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी) नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, ब्लॉक म्हणजे पाणी मंजूर झालेले रानाचे ठरावीक तुकडे, पाणी गावोगाव वाटलेलं आणि ऊस ब्लॉकच्या ठरावीक हिश्श्यातच. माझ्या मते महाराष्ट्रातलं पाण्याचं निम्मं राजकारण इथेच सुरू होतं.

१९३० ला पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट ही अर्थशास्त्राची संशोधन संस्था निघाली, धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक. त्यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा अभ्यास केला, तो १९४८ ला छापून आला. कालव्यामुळे फक्त शेतकऱ्याला काय मिळालं एवढंच नाही, तर मजुरी, व्यापार, आसपासचे धंदे यांचं काय झालं, थेट फायदा आणि आडून होणारा फायदा दोन्ही मोजायचे. अमेरिकेत १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्याने प्रकल्पाचा फायदा-खर्च ताडून बघायची सवय लागली होती, इकडे तेच काम नगर जिल्ह्यातल्या गावांत फिरून चाललेलं. गंमत म्हणजे हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यात, आणि पहिले चेअरमनही गाडगीळच. उसाचा हिशोब त्यांना आतून माहीत होता.

पुढच्या पिढीत प्रश्न बदलला. फायदा किती यापेक्षा तो कोणाला? वि. म. दांडेकर, तेही गोखलेचेच, कालव्याच्या पाणीवाटपावरच्या १९७९ च्या समितीत देऊसकर आणि देशमुखांबरोबर होते, आणि समितीचा सूर असा की पाणी आठमाही द्या (उन्हाळा सोडून, म्हणजे बारमाही उसाला नाही), म्हणजे तेच पाणी जास्त रानांना पुरेल. हे कागदावर जितकं पटतं तितकं साखर कारखान्याच्या गेटवर पटत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

विद्यापीठाच्या बाहेर, पुरंदरमधल्या नायगावला विलासराव साळुंखे नावाचे पुण्याचे इंजिनिअर-उद्योजक १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत करत होते. नियम असा की पाणी जमिनीवर नाही, माणशी. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, भूमिहीनालाही हक्क, ऊस बंद, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. सामायिक साधन लोक स्वतः नियम करून सांभाळतात, या कामासाठी अमेरिकेच्या एलिनॉर ऑस्ट्रॉमबाईंना २००९ ला नोबेल मिळालं, आता पोरं तिथून सुरुवात करून मग नायगावला पोचतात, उलटा प्रवास!

दरम्यान दिल्लीत जंगलाची किंमत रुपयांत ठरली, म्हणजे जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला घेतली तर किती भरायचं ते. अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रांच्या समितीच्या शिफारशी आल्या, आणि २००८ ला सुप्रीम कोर्टाने हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख असे दर लावले. याच काळात, २००५ ला, महाराष्ट्राने देशातलं पहिलं जलनियमन प्राधिकरण (पाण्याचे हक्क आणि दर ठरवणारं) कायद्याने आणलं आणि शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना हक्क दिले. ते मात्र लाभक्षेत्रातल्या जमिनीच्या हिशोबाने. साळुंखे २००२ लाच गेले होते.